गादी गेली, तळे राहिले
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, सातारा)



मे महिना लागला की महाबळेश्वरच्या वेण्णा तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नसते. नावेसाठी रांग, घोडेवाल्यांच्या हाका, निखाऱ्यावरची कणसे. हे तळे कोणाचे, असे तिथे विचारा. बहुतेक जण कुठल्या तरी साहेबाचे नाव घेतील. ते बांधले साताऱ्याच्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी, १८४२ साली.

आप्पासाहेबांचे नाव आपण आवडीने घेत नाही. थोरले बंधू प्रतापसिंह महाराज यांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडले आणि गादीवर आप्पासाहेबांना बसवले. धन्याची फिर्याद घेऊन रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले, वर्षानुवर्षे तिथे झगडले. त्या निष्ठेपुढे आप्पासाहेब फिके दिसणारच. पण राग धरावा तिथे धरू आणि काम मोजावे तिथे मोजू.

१८१९ च्या तहाने सातारच्या राजाचे हात बांधले होते. परराज्याला साधे पत्र धाडायचे तरी कंपनीच्या साहेबामार्फत. मोहिमा संपल्या. मग राजाने करायचे काय? प्रतापसिंहांनी उत्तर दिले ते रस्त्याने, पाण्याने आणि शाळेने. यवतेश्वराच्या पायथ्याचे महादरे तळे त्यांचे. महाबळेश्वरचा रस्ता त्यांच्याच अमदानीतला. १८२९ मध्ये वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वर इंग्रजांकडे गेले. मुलूख महाराजांचा, पेठेला नाव मात्र गव्हर्नर माल्कमचे! तरीही तिथे पाणी अडवले ते पुन्हा सातारच्याच राजाने.

१८४८ च्या एप्रिलमध्ये आप्पासाहेब वारले. मृत्युशय्येवर त्यांनी दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो नामंजूर करून राज्य खालसा केले.

पुत्राविना गादी जाणे दुसरीकडेही घडले आहे. उत्तर जर्मनीत तळ्यांच्या मुलखात प्लोन नावाचे एक लहान गाव आहे. पाण्यावरच्या उंचवट्यावर तिथल्या ड्यूकचा वाडा उभा आहे. १७६१ मध्ये शेवटचा ड्यूक पुत्राविना वारला आणि जहागीर डेन्मार्कच्या राजाकडे गेली. फरक एवढाच, की तिथला करार ड्यूकच्या हयातीतच, १७५६ मध्ये झाला होता. इथे दत्तक डोळ्यांसमोर असताना घर बुडवले. पुढे प्लोनच्या त्या वाड्यात लष्करी विद्यार्थ्यांची शाळा भरली.

आपल्या राजवाड्यातही शाळाच भरली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे एका मुलाचे नाव दाखल झाले, ते भीमराव आंबेडकरांचे. ज्या वाड्याच्या दारात भल्याभल्यांना ताटकळावे लागे, त्या वाड्यात एक अस्पृश्य मानलेला मुलगा हजेरीपटावर आला. प्रतापसिंहांचे नाव आज त्या शाळेला आहे, आणि ते शोभते.

म्हणून माझे म्हणणे इतकेच, की वारसा म्हटले की आपण तलवार आणि सिंहासन शोधतो. हात बांधलेल्या या दोन राजांनी मागे ठेवले ते नळाला येणारे पाणी आणि मुलांना बसायला छप्पर. त्याची निगा राखणे हे काही इतिहास संशोधकांचे काम नाही. तळ्याचा गाळ काढायचा ठराव नगरपालिकेत येईल, तेव्हा तो वारशाचा खर्च म्हणून मंजूर करून घ्या. जयंतीच्या मिरवणुकीला आपण वर्गणी देतोच; तेवढीच या कामालाही द्या.