टेकडीची राखण आणि श्रावकाची यतना
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पुणे शहराच्या पश्चिमेस असलेली वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. शहरातील सर्वांत उंच जागा तीच. तिचा बराचसा भाग वनखात्याच्या ताब्यात असून तो भांबुर्डा वनविहार म्हणून ओळखला जातो. शहराच्या दक्षिण अंगाला पर्वती-पाचगावचे वन आणि तळजई आहे. उजाडण्यापूर्वीच या टेकड्यांवर माणसांची रीघ लागते. दुकान उघडण्याआधी येणारे व्यापारी, निवृत्त शिक्षक, भरतीसाठी धावणारी मुले, गुडघेदुखीने वैद्यांनी पाठवलेल्या आजीबाई, सारेच तेथे असतात. ही भूमी कोणा एकाची नाही, म्हणूनच ती सर्वांची आहे. आणि जे सर्वांचे असते त्याची राखण बहुधा कोणीच करीत नाही, हा धर्मशाळेपासून पाणपोईपर्यंतचा आपल्या समाजाचा जुना अनुभव आहे.

तरीही या गर्दीत काही जण असे असतात की ज्यांच्या पिशवीत पाण्याची एक बाटली जास्त असते. चढावर ठरलेल्या एका रोपापाशी ते थांबतात, बाटली रिकामी करतात आणि पुढे चालू लागतात. ना फलक, ना छायाचित्र. पुण्याच्या टेकड्यांवर आज जी देशी झाडे माणसाच्या हातून उभी राहिली आहेत, त्यांतील कितीतरी अशा बाटल्यांवर वाढलेली आहेत.

जैन समाज दानात मागे नाही. महावीर जयंती असो, आचार्यश्रींचा जन्मदिन असो किंवा एखाद्या संस्थेचा वर्धापनदिन असो, वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरलेलाच. परंतु या कार्यक्रमांचा हिशेब एकदा उन्हाळ्यात जाऊन पाहावा. पुण्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. टेकडीवर काळ्या खडकावर मातीचा थर काही ठिकाणी वीतभरही नसतो. जुलैत लावलेले रोप दिवाळीनंतर एकटे पडते. मार्चमध्ये तेथे खड्डा असतो, काठी असते, काठीला बांधलेली नावाची पट्टीही असते, रोप मात्र नसते. जुलैतील पुण्य दात्याच्या खाती जमा झाले, तर मार्चमधील ते मरण कोणाच्या खाती मांडायचे? रोप लावणे हे एका सकाळचे काम आहे. राखणे हे किमान तीन उन्हाळ्यांचे आहे.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. टेकडीचा उघडा माळ रिकामा आहे, असे गृहीत धरून तेथे खड्डे घेतले जातात. वास्तविक तो रिकामा नसतो. टिटवी आणि चंडोल हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीची अंडी खड्यांच्या रंगाची असल्यामुळे पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. गवताच्या मुळाशी कीटकांचे, सरड्यांचे संसार असतात. हिरवळ लवकर यावी आणि गुरांनी ती खाऊ नये, या हेतूने या टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्पाची, म्हणजेच उंदीरमारीची, फार मोठी लागवड झाली. हे झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील. त्याला फुलोरा सुंदर येतो, परंतु त्याच्या दाटीत इथल्या गवताला आणि झुडपांना फारसा वाव उरत नाही. सालई, मोई, गणेर, मेडशिंगी, पळस ही खडकाळ उतारावर तग धरणारी या भूमीची स्वतःची झाडे आहेत. हेतू शुद्ध असूनही ज्ञानाविना केलेली दया कशी फसते, याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही.

आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत प्रमादचर्या हा एक आहे. कारण नसताना जमीन खणणे, पाणी उधळणे, अग्नी पेटवणे, वनस्पती तोडणे, इतकेच काय, उगाच भटकणे हेही त्यात मोडते. श्वेतांबर परंपरेतील पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे, तसेच रानाला आग लावणे, म्हणजे दवदान, हेही आहे. सहलीच्या ठिकाणी लावावयाची नियमावलीच जणू शतकांपूर्वी लिहून ठेवली होती.

आगीचा प्रसंग येथे विस्ताराने पाहण्यासारखा आहे. जानेवारीपासून टेकडीवरील गवत वाळून कोळ होते. एक विडीचे थोटूक किंवा कोणी गंमत म्हणून टाकलेली काडी पुरे होते आणि तासाभरात अख्खा उतार काळा पडतो. ती पसरू नये म्हणून वनखाते आधीच गवताचा एक पट्टा मोकळा करते. त्याला जाळरेषा म्हणतात आणि नावाप्रमाणे तो पट्टा पुष्कळदा जाळूनच मोकळा केला जातो. व्रती श्रावकाने या कामात हात घालावा काय? मोठी आग टाळण्यासाठी लहान आग लावणे व्यवहाराला धरून असले, तरी त्या पट्ट्यातील जिवांना तो युक्तिवाद ठाऊक नसतो. यावर एक मध्यम मार्ग आहे. बी झडून गेलेले वाळके गवत विळ्याने कापून आणि पालापाचोळा झाडून पट्टा मोकळा करता येतो. त्याला वेळ लागतो, माणसे लागतात, आणि स्वयंसेवकांपाशी देण्यासारखे तेवढेच तर असते. यातही हिंसा शून्य नाही. परंतु गृहस्थाचे व्रत हे अणुव्रत आहे, त्याला निवड करावीच लागते, आणि येथील निवड स्पष्ट आहे. अर्थात हे काम वनरक्षकाला विचारून व त्याच्या देखरेखीखालीच करावयाचे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनात आग लावण्यास व झाडतोडीस मनाई केली आहे, आणि सद्हेतूने परवानगी आपोआप मिळत नाही.

पावसाळ्यात टेकड्यांवर सर्वाधिक गर्दी होते. याच चार महिन्यांत जीवोत्पत्ती अधिक म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून एका स्थानी राहतात, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. गृहस्थाला घरी बसा असे कोणी म्हणत नाही. पण चिखल टाळण्यासाठी प्रत्येकाने वाटेच्या कडेने पाऊल टाकले की पायवाट दरवर्षी रुंद होते, गवत मरते, माती पाण्याबरोबर खाली जाते. चार हात भूमी पाहून चालावे, ही ईर्यासमिती मुनींसाठी सांगितलेली असली तरी टेकडीवरच्या फिरस्त्याने ती घेतल्यास बिघडणार नाही. चिखलातून चालल्याने फक्त बूट खराब होतात.

निर्जीव, निर्दोष जागी काळजीपूर्वक विसर्जन करावे, असे सांगणारी पाचवी समितीही आहे. वेफर्सची पाकिटे आणि बाटल्या वेचणाऱ्या स्वयंसेवकांना तिचे नाव कदाचित ठाऊक नसेल. मोरांसाठी दाणे आणि कुत्र्यांसाठी बिस्किटे टाकणाऱ्यांना मात्र येथे नम्रपणे थांबवावे लागते. दाण्यांवर उंदीर वाढतात. बिस्किटांवर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात आणि त्याच टोळ्या मोरांच्या, सशांच्या मागे लागतात. जीवदयेच्या पेटीतील पैसा पांजरापोळात किंवा पक्ष्यांच्या दवाखान्यात अधिक सार्थकी लागतो.

चौथ्या वर्षी सालईचे वा पळसाचे मूळ खडकाच्या फटीत खोल उतरलेले असते. मार्चमध्ये शेंडा वाळलेला दिसला, तरी पहिल्या वळवाने त्याला पालवी फुटते. मग ती बाटली थोडी वर, पुढच्या वळणावरच्या रोपाकडे नेली जाते.

जय जिनेंद्र.