आधी मोज, मग बोल

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तुझ्या छंदाबद्दल दहा मिनिटं बोल.’ काल संध्याकाळपासून जो भेटतोय तो एकच विचारतोय, ‘काय रे, तू तिकडे बंदुका बनवतोस म्हणे?’ तर आधी खुलासा करतो. मी बंदुका बनवत नाही. मी एक रायफल जुळवली, आणि तीही दोनदा. पहिल्यांदा चुकली म्हणून दुसऱ्यांदा. आज सांगायचं आहे ते त्या चुकण्याबद्दल.

अमेरिका आणि बंदूक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शाळांमधल्या गोळीबाराच्या बातम्या येतात. माझ्याही येतात. माझी मुलगी तिथल्याच शाळेत शिकली, तेव्हा ती भीती मला बातमीतून कळलेली नाही. म्हणून आमच्या घरात रायफल लोखंडी कपाटात कुलूपबंद आणि काडतुसं दुसरीकडे, वेगळ्या कुलपात. नळी कायम सुरक्षित दिशेला आणि नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. हे नियम आधी, नेमबाजी नंतर.

आम्ही ओहायोत राहतो. तिथे ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाचं ठिकाण आहे. १९०७पासून तिथे नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. त्यात पॉइंट टू-टू या लहान काडतुसाच्या साध्या रायफलींचीही एक स्पर्धा असते. झोपून, बसून आणि उभं राहून, २५ आणि ५० यार्डांवरून साठ गोळ्या. अर्ध्या सावकाश, अर्ध्या झटपट. माझी मुलगी चौदा वर्षांची असताना क्लबातून ही नेमबाजी शिकली आणि म्हणाली, ‘बाबा, मला तिथे उतरायचंय.’

टेक्निकलचा विद्यार्थी मी, मला हुरूप आला. १९६४ साली बाजारात आलेली रुगर टेन-टू-टू ही अर्धस्वयंचलित रायफल अशा कामाला फार सोयीची. एकेका गोळीला एकदा चाप दाबायचा, पुढचं काडतूस आपोआप वर येतं. तिची नळी दोन स्क्रू आणि एका ठोकळ्यावर बसवलेली असते. ॲलन की हातात असली की घरच्या टेबलावर नळी बदलता येते. मधला सांगाडा, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘बंदूक’, तो परवानाधारक दुकानातून घेताना चौकशीचा फॉर्म भरावा लागतो. बाकी भाग सुटे मिळतात, आणि तिथेच माझा तोल गेला.

मी दिसायला भारी ते घेतलं. जवळजवळ इंचभर जाडीची पोलादी नळी, कारण ‘जाड नळी म्हणजे अचूक’ असं ऐकलं होतं. भलीमोठी दुर्बीण. चकचकीत दस्ता. पोरीच्या हातात दिली तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘जड आहे.’ मी म्हटलं, ‘सवय होईल.’

सवय झाली नाही. उभं राहून दहाव्या गोळीपर्यंत तिचा डावा हात थरथरायचा. झटपट फेरीत काडतूस अडकायचं. झोपूनही गोळ्या कागदावर पसरायच्या. आणि मी काय केलं? तिला म्हणालो, ‘तुझं लक्ष नाही. श्वास चुकतोय. चाप हिसकतेस.’ दोन महिने मी हेच म्हणत होतो. एका शनिवारी क्लबला निघताना ती गाडीत बसलीच नाही. ‘मला नाही जमत, बाबा. तुम्ही जा,’ म्हणाली आणि आत गेली.

मी एकटाच गेलो आणि गॅरेजच्या दारात मला आपले वर्कशॉपचे सर आठवले.

नववीतला तो चौकोनी जॉब आठवतो ना? पन्नास मिलिमीटरचा तुकडा कानशीने सपाट करायचा आणि गुण्या लावून दाखवायचा. माझ्या गुण्याखालून नेहमी उजेड दिसायचा. मी म्हटलं, ‘सर, कानस बोथट आहे.’ सरांनी तीच कानस घेतली, दहा हात मारले आणि गुण्या लावला. उजेड नाही. मग एवढंच म्हणाले, ‘आधी मोज, मग बोल.’ तेव्हा मी न मोजता कानशीला दोष दिला होता. आता न मोजता पोरीला देत होतो.

मग मी रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली, म्हणजे माणसाचा थरकाप वगळला. ५० यार्डांवरून पाच-पाच गोळ्या मारल्या. माझ्याही गोळ्या तशाच पसरल्या! पुढे कॅलिपर काढला आणि स्क्रूला हात लावला. दुर्बिणीची पट्टी चार बारीक स्क्रूंवर बसते. त्यातले दोन सैल होते. ते मीच बसवले होते. दोन महिने पोरीचा नेम चुकत नव्हता, माझी दुर्बीण हलत होती.

त्या दिवशी रायफल वजनकाट्यावरही ठेवली. दुर्बिणीसकट पावणेचार किलो. स्पर्धेची मर्यादा साडेसात पौंड, म्हणजे सुमारे ३.४ किलो. तपासणीच्या टेबलावरूनच ती परत आली असती.

घरी येऊन मी तिची माफी मागितली. तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षांत इतकं अवघड काम केलेलं नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘मग आता दोघं मिळून करू. पण या वेळी मला विचारून.’

दुसऱ्यांदा आम्ही एका वेळी एकच भाग बदलला आणि प्रत्येक बदलानंतर मोजलं.

पहिला दस्ता, कारण तो तिच्या अंगाचा. टोक कोपराच्या खोबणीत टेकवलं की बोट सहज चापावर पोचलं पाहिजे, ही साधी खूण. आधीचा दस्ता तिला लांब होता. आखूड, हलका घेतल्यावर तिची मान सरळ झाली.

दुसरी नळी. अचूकता जाडीत नसते. ती असते आतल्या पीळदार खाचांच्या एकसारखेपणात, तोंडाच्या स्वच्छ कापणीत आणि चेंबरच्या मापात. आमच्या जुन्या नळीचं चेंबर फार घट्ट होतं. या काडतुसाच्या गोळीला बाहेरून मेणचट वंगण असतं. ते साचलं की काडतूस पूर्ण आत जात नाही, आणि आपोआप भरणाऱ्या रायफलीत ते अडकतं. म्हणून अर्धस्वयंचलित रायफलीला घट्टपणा आणि मोकळेपणा यांच्या मधलं चेंबर लागतं. तशी सडपातळ नळी घेतली आणि अडकणं थांबलं.

तिसरा चाप. कारखान्यातून येणारा चाप सुरक्षिततेसाठी जड ठेवलेला असतो. रायफलच्या वजनाहून जास्त जोर बोटाने लावावा लागला तर नळी हलणारच. पण स्पर्धेत तीन पौंडांहून हलका चाप चालत नाही. आम्ही त्याच्या किंचित वर थांबलो. हलका करण्यापेक्षा दर वेळी एकाच जागी सुटणारा चाप महत्त्वाचा.

आणि शेवटी काडतूस, ज्यावर मी सगळ्यात कमी खर्च केला होता. वेगवान काडतुसाची गोळी आवाजाच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरपेक्षा, जास्त वेगाने निघते आणि वाटेत त्याखाली येते. त्या संक्रमणात ती डगमगते. सुरुवातीपासून आवाजाखाली राहणारी गोळी शांत जाते. चार प्रकारची काडतुसं आणली आणि प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या मारून पाहिल्या. महागातलं पहिलं आलं नाही. आमच्या नळीला जे मानवलं ते दुसऱ्या नंबरच्या किमतीचं होतं.

सगळं जमल्यावर वजन २.८ किलो. पिशवीवरून पाच गोळ्यांचा पसारा आधी साठ मिलिमीटर होता, तो अठरावर आला. दुर्बिणीचे स्क्रू तिने स्वतः आवळले आणि त्यांच्यावर रंगाची खूण केली, म्हणजे सैल झाला तर दिसेल.

कॅम्प पेरीला ती उतरली. पदक वगैरे काही नाही, मधल्या फळीत आली. पण साठच्या साठ गोळ्या सुटल्या, आणि उभ्याने मारताना तिचा हात शेवटपर्यंत स्थिर होता. परतताना गाडीत झोपी गेली. मी तीन तास गाडी चालवली आणि एकदाही तिला काही शिकवलं नाही.

आता ती कॉलेजात आहे. रायफल माझ्या कपाटात आहे. सुट्टीत आली की पहिल्यांदा स्क्रूवरच्या खुणा बघते, मग माझ्याकडे बघते.

मित्रहो, आपण सगळेच आता आईबाप आहोत, काही जण आजी-आजोबाही झालात. पोरांच्या निकालावर बोलण्याआधी आपण बसवलेले स्क्रू एकदा तपासून घ्या, एवढीच विनंती. आणि सर, आज तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो, ती कानस बोथट नव्हती. हे कबूल करायला मला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.