पोलाद आणि वारा



मांडणीवरचें स्टीलचें पातेलें आपण रोज हाताळतों; पण तें गंजत कां नाहीं, हा प्रश्न आपल्या मनांत क्वचितच येतो. मला तो माझ्या आईनें विचारला होता, आणि त्या वेळीं मी निरुत्तर झालों होतों.

माझें बालपण रहिमतपुरांत गेलें. तेव्हां आमच्या स्वयंपाकघरांत पितळेचेंच राज्य होतें. वर्षांतून दोन-तीन वेळां कल्हईवाला येई. आळीच्या तोंडाशीं खड्डा खणून तो भाता बसवी, भांडें तापवून त्यांत नवसागर टाकी, कथलाचा तुकडा फिरवी आणि कापसाच्या बोळ्यानें क्षणार्धांत सारें भांडें रुप्यासारखें करी. एके वर्षीं त्याची फेरी चुकली. कल्हई उडालेल्या पातेल्यांत आईनें कढी केली. आंबटामुळें पितळेंतील तांब्याचा अंश तींत उतरला, कढी कळकली, आणि रात्रीं सारें घर वांत्यांनीं हैराण झालें. धाकटी बहीण सकाळपर्यंत डोळे उघडीना. ती वांचली, पण आईनें तो दोष पुढें कित्येक वर्षें स्वतःकडेच घेतला. मी शिक्षक झालों तेव्हां पहिल्या पगारांतून स्टीलचें पातेलें आणलें. आईनें तें उलटसुलट करून पाहिलें आणि विचारलें, “अरे, ह्याला कल्हई कधीं लावायची?” मी हंसलों, पण उत्तर मला येत नव्हतें. तें आज द्यावयाचें आहे.

आमच्याकडे लोखंडाचा कारखाना म्हटला कीं किर्लोस्करवाडी आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांतील माळरानावर ती १९१० सालीं वसविली. रहिमतपुराहून त्याच लोहमार्गानें उत्तरेकडे गेलें म्हणजे पुणें लागतें. तेथें १९६० सालीं सांडविक ह्या स्वीडिश कंपनीची भारतीय शाखा निघाली व दापोडीस तिचा कारखाना उभा राहिला. ही सांडविक मूळची पोलादाची, आणि तिच्या कुळकथेंतच आईच्या प्रश्नाचें उत्तर दडलेलें आहे.

भट्टींतून निघालेल्या बिडांत कर्ब फार असतो. म्हणून तें ठिसूळ असतें. तो कर्ब बेताचा ठेवला म्हणजे पोलाद होतें. पूर्वीं हें काम फार खर्चाचें व वेळखाऊ असे. १८५६ सालीं हेन्री बेसेमर ह्या इंग्रज संशोधकानें चेल्टनहॅम येथें निबंध वाचून जाहीर केलें कीं, वितळलेल्या बिडांतून नुसती हवा फुंकावी. आंतील अशुद्ध द्रव्यें जळतात, आणि त्या जळण्याच्या उष्णतेनेंच रस अधिक तापतो. वेगळें सरपण नको! कारखानदारांनीं हक्क विकत घेण्यासाठीं धांव घेतली. पण त्यांच्या हातीं आलें तें पोलाद हातोड्याखालीं फुटूं लागलें. त्यांच्या खनिजांत स्फुरद होता, आणि तो ह्या कृतीनें निघत नसे. लोक बेसेमरला हंसूं लागले.

ह्या वेळीं स्वीडनमधील येव्हले बंदराचा एक व्यापारी पुढें आला. गांवाचें नांव ऐकून आपल्याला येवल्याची आठवण व्हावी! त्याचें नांव योरान फ्रेडरिक योरान्सन. १८५७ सालीं त्यानें बेसेमरच्या हक्कांत भाग घेतला. एड्स्केन येथील भट्टीवर त्याचे प्रयोगामागून प्रयोग फसले. अखेर त्यानें हवेच्या नळ्यांचीं तोंडें मोठीं केलीं आणि रसांत एकदम भरपूर हवा सोडली. १८५८ सालच्या जुलै महिन्याच्या १८ तारखेस उत्तम पोलाद हातीं आलें. स्वीडनच्या खनिजांत स्फुरद फार थोडा, आणि त्यांची भट्टी लांकडी कोळशाची, म्हणून गंधकहि थोडा. हा त्याला निसर्गाचा आधार होता. कल्पना बेसेमरची खरी. परंतु कारखान्याच्या प्रमाणावर ती प्रथम सिद्धीस नेली ती योरान्सननें. हक्क विकत मिळतात. आपली माती आणि आपली भट्टी ओळखण्याचें काम मात्र ज्याचें त्यालाच करावें लागतें.

१८६२ सालीं त्यानें मोठ्या सरोवराच्या कांठीं कंपनी स्थापिली. तेथें वसलेलें गांव तें सांडविकेन. चारच वर्षांत, १८६६ सालीं, कंपनीचें दिवाळें निघालें. ज्यानें पोलाद साधलें त्याला हिशेब साधला नाहीं! १८६८ सालीं ती नव्या नांवानें पुन्हा उभी राहिली, आणि योरान्सनचा मुलगा आंदर्स हेन्रिक ह्यानें ती दीर्घकाळ सांभाळली. खडक फोडण्याच्या पहारी, करवती, तारा, नळ्या असा पसारा वाढत गेला.

इकडे १९१२ सालीं जर्मनींत क्रुप कारखान्यांतील संशोधकांनीं, आणि १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली ह्यानें, पोलादांत क्रोमियम मिसळून न गंजणारें पोलाद केलें. ब्रिअर्ली बंदुकीची नळी झिजूं नये ह्याचा उपाय शोधीत होता. हातीं लागलें तें मात्र स्वयंपाकघराचें कल्याण! १९२० नंतरच्या दशकांत सांडविकनेंहि हें पोलाद करावयास घेतलें.

तें कसें करतात? मुख्यतः जुनें मोडीचें पोलाद विजेच्या भट्टींत वितळवतात. मग त्या रसांत प्राणवायु व आर्गॉन हे वायु मिसळून फुंकतात. नुसता प्राणवायु सोडला तर कर्बाबरोबर मोलाचें क्रोमियमहि जळून जाईल. आर्गॉन त्याला आवर घालतो. योरान्सनचा वारा असा अधिक शहाणा झाला आहे. नंतर रसाचे दांडे ओततात, ते तापवितात आणि चकलीच्या सोऱ्यांतून पीठ निघावें तशा त्यांच्या नळ्या प्रचंड दाबानें काढतात. अणुविद्युत्केंद्रांत व रसायनांच्या कारखान्यांत ह्या बिनजोड नळ्या लागतात. पोलादाचा हा धंदा २०२२ सालीं सांडविकपासून निराळा झाला. त्या कंपनीचें नांव अलेइमा, आणि सांडविकेनची भट्टी आतां तिच्याकडे आहे.

आतां आईचा प्रश्न. साध्या लोखंडाला हवा व पाणी लागलें कीं गंज चढतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि आंतील लोखंड पुन्हा उघडें पडतें. पोलादांत शंभर भागांपैकीं निदान साडेदहा भाग क्रोमियम असलें म्हणजे निराळीच गोष्ट घडते. हवेंतील प्राणवायूशीं क्रोमियमचा संयोग होऊन भांड्यावर एक घट्ट, पारदर्शक पापुद्रा धरतो. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दोन-तीन पट! ओरखडा पडला तरी उघड्या जागेस हवा लागतांच तो पुन्हा धरतो. कथलाची कल्हई वरून लावलेली. घासली कीं गेली. ही कल्हई आंतून येणारी, आणि तिचा कल्हईवाला म्हणजे वारा.

मात्र मिठाशीं तिचें जमत नाहीं. खारट पदार्थ दीर्घकाळ ठेवला तर पापुद्रा ठिकठिकाणीं तुटून बारीक खळगे पडतात. म्हणून लोणचें बरणींतच बरें. लोहचुंबकाच्या परीक्षेवरहि फार भिस्त ठेवूं नये. चांगल्या भांड्यांत बहुधा अठरा भाग क्रोमियम व आठ भाग निकेल असतें, आणि त्यांना चुंबक चिकटत नाहीं हें खरें. पण निकेलऐवजीं मँगनीज वाढविलेल्या हलक्या पोलादालाहि तो चिकटत नाहीं.

आई आतां नाहीं. तें पातेलें अजून आमच्या घरीं आहे. तळाशीं पुष्कळ ओरखडे आहेत, पण गंजाचा ठिपका नाहीं. ती असती तर मी तिला सांगितलें असतें, “आई, ह्याला रोजच कल्हई लागते. तूं घासून उपडें घालतेस ना, तेव्हांच.”