ऐकणारीचं कोण ऐकणार?

 

गटाची बैठक होते, हप्ते जमा होतात, वही मिटते. मग एखादी बाई मागे थांबते. नवऱ्याची दारू, मारहाण, कर्ज, असं काहीबाही सांगते. आम्ही ऐकतो. गटातल्या शिकलेल्या मुली आम्हाला विचारतात, "ताई, समुपदेशकांना मार्गदर्शन करण्याचंही सर्टिफिकेट असतं म्हणे. ते कसं मिळतं?"

या कामाला देखरेख म्हणतात. पण ती साहेबाची तपासणी नव्हे. समुपदेशक बाई ठरलेल्या वेळी एखाद्या अनुभवी व्यक्तीसमोर बसते. आलेल्या बाईचं नाव न घेता सांगते, मी काय बोलले, कुठे अडले, माझ्या मनावर किती ओझं आलं. समोरची व्यक्ती प्रश्न विचारते, धोका दिसला तर सावध करते. ब्रिटनमध्ये समुपदेशकांच्या मोठ्या संघटनेचा नियमच आहे, की काम करणाऱ्या सभासदाने नियमित देखरेख घ्यायची.

तिथे या देखरेखीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो. प्रवेशाला साधारण तीन गोष्टी लागतात. एक, समुपदेशनाचं पूर्ण शिक्षण. दोन, त्यानंतर प्रत्यक्ष कामाचा अनुभव. तीन, स्वतःही कोणाच्या तरी देखरेखीखाली असणं. शिकताना दुसऱ्या समुपदेशकांची देखरेख करून दाखवावी लागते, नोंदी ठेवाव्या लागतात. म्हणजे हे सर्टिफिकेट पहिली पायरी नाही, वरची पायरी आहे.

मग आपल्या मुलींनी सुरुवात कुठून करावी? पदवीनंतर दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, ही एक वाट आहे. जळगावात समाजकार्य महाविद्यालय आहे; प्रवेशाचे यंदाचे नियम तिथेच विचारा. या शिक्षणात वर्गाइतकंच क्षेत्रकार्य महत्त्वाचं असतं, आणि तिथे शिक्षक विद्यार्थिनीच्या कामाची चर्चा करतात. देखरेखीची सवय तिथूनच लागते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 साली पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो अशाच प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांच्या बळावर. पुढे असे कक्ष राज्यातल्या इतर जिल्ह्यांतही सुरू झाले.

आठ-पंधरा दिवसांचं शिबिर करून कोणी "मी समुपदेशक" म्हणत असेल, तर विचारा: शिक्षण कुठे झालं? अडलं तर तुम्ही कोणाला विचारता? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर जपून.

आणि आपण गटातल्या बाया? आपण समुपदेशक नाही, पण ऐकू शकतो. ऐकलेलं पाणवठ्यावर नेऊ नका. "सहन कर" किंवा "सोडून दे" असा निकाल देऊ नका. मारहाण असेल तर 181, मन फार खचलं असेल तर 14416, हे नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तुमच्या गटात सगळ्यांचं ऐकणारी जी बाई आहे, तिलाही या महिन्यात एकदा विचारा, "बाई, तुझं कसं चाललंय?"