इंजिनाच्या श्वासातलं तेल



मुळशी तालुक्यात भूगावपासून पौडपर्यंतच्या गॅरेजांमध्ये हल्ली एक प्रश्न वारंवार विचारला जातो: गाडीला ऑइल कॅच कॅन बसवून घ्यावा का? विचारणारा कधी हिंजवडीला कामाला जाणारा, नव्या टर्बो पेट्रोल गाडीचा मालक असतो, तर कधी माल भरून ताम्हिणी घाट चढणारा-उतरणारा डिझेल पिकअपवाला. दोघांचे हजारो रुपये पणाला लागणार असतात, म्हणून या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळणं त्यांचा हक्क आहे.

आधी हा कॅन काय धरतो ते पाहू. इंजिन कितीही नवं असलं तरी पिस्टनच्या रिंगा शंभर टक्के घट्ट बसत नाहीत. जळणाऱ्या वायूचा थोडा भाग त्यांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चेंबरमध्ये, उतरतो. याला ब्लो-बाय म्हणतात. तिथं त्याच्यात तेलाचे सूक्ष्म कण, अर्धवट जळलेलं इंधन आणि पाण्याची वाफ मिसळते. हा वायू बाहेर पडला नाही तर दाब वाढून इंजिन सील फोडून तेल बाहेर टाकेल. जुन्या गाड्यांत त्यासाठी एक नळी, म्हणजे ब्रीदर, खाली रस्त्याच्या दिशेनं सोडलेली असे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात धुरक्यावर उपाय म्हणून हा वायू परत इंजिनातच ओढून जाळण्याची पद्धत रूढ झाली. आज आपल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत तीच आहे. कॅच कॅन या परतीच्या वाटेत बसतो. वायू पुढं जाऊ देतो आणि तेल-पाणी तळाशी साठवतो.

मुळात हा डबा शर्यतीच्या गाड्यांचा. ब्रीदरमधून उडालेलं तेल ट्रॅकवर सांडून मागचा गाडीवाला घसरू नये, म्हणून शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्याचं मापही ठरवून दिलेलं आहे: दोन हजार सीसीपर्यंत दोन लिटर, त्यावर तीन लिटर. घरगुती गाडीत त्याचं काम वेगळं आहे, हे विकत घेताना लक्षात ठेवावं.

मुळशीत पावसाळ्यात ऑइल कॅपच्या आत पांढरट साय दिसली की लोक घाबरतात. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. अशा मुलखात पाणी इंजिनात शिरलं असेल असंच कुणालाही वाटणार. पण हे पाणी बहुतेक वेळा आभाळातलं नसतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, थोडं ब्लो-बायबरोबर चेंबरमध्ये उतरतं. गाडी घरापासून पिरंगुटच्या कारखान्यापर्यंतच चालली, तेल पुरतं तापलंच नाही, की भाताच्या झाकणाला पाणी सुटतं तसं ते थंड कव्हरला सुटतं आणि तेलात घुसळलं जातं. अशा गाडीच्या कॅनमध्ये दुधी पाणी भरपूर साठेल, मालकाला समाधानही वाटेल. पण खरा उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा गाडी चांगली तासभर पळवणं आणि तेल वेळेवर बदलणं. तरीही साय जात नसेल आणि रेडिएटरमधलं कूलंट घटत असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासून घ्या. तिथं कॅनचा काही उपयोग नाही.

आता टर्बो पेट्रोल. इथं थोडं थांबायला हवं. ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारलं जातं, त्यात इनटेक व्हॉल्व्हची पाठ पेट्रोलनं धुतली जात नाही. चाकणला बनणाऱ्या गाड्यांतलं एक लिटरचं टीएसआय इंजिन याच जातीचं. ब्लो-बायमधलं तेल त्या तापलेल्या व्हॉल्व्हवर भाजून काजळीसारखं चिकटतं. म्हणून अशा गाड्यांना कॅन बसवण्यात तर्क आहे. पण या इंजिनात वायूच्या परतीच्या वाटा दोन असतात. सपाट रस्त्यावर हळू चालताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो आणि वायू तिकडं ओढला जातो. ताम्हिणीच्या चढावर टर्बो हवा दाबू लागला की तिथला झडपेचा रस्ता बंद होतो आणि वायू टर्बोच्या तोंडाशी जातो. म्हणजे ब्लो-बाय सर्वांत जास्त असतो तेव्हा वाट दुसरीच असते. बाजारातले बरेच कॅन एकाच वाटेवर बसवले जातात. बसवणाऱ्या मेस्त्रीला 'दोन्ही वाटा धरल्या का?' हा प्रश्न जरूर विचारा.

डिझेलची गोष्ट अधिक स्पष्ट आहे. तिथं ब्रीदर टर्बोच्या आधी जोडलेला असतो. तेल टर्बोतून इंटरकूलरमध्ये जातं आणि पुढं ईजीआरनं, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेनं, परत आणलेल्या काजळीला भेटतं. मॅनिफोल्ड उघडला की डांबरासारखा जाड थर निघतो, वाट अर्धी बुजलेली असते. कॅन काजळी अडवत नाही, पण तिला चिकटवणारं तेल कमी करतो. बरंच रनिंग झालेल्या, सतत लोडवर घाट चढणाऱ्या पिकअपला चांगला कॅन लावणं मला पटतं.

चांगला म्हणजे कसा? ब्लो-बायमधले बरेच कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. रिकामा चकचकीत डबा त्यांना अडवू शकत नाही. ते हवेबरोबर सरळ पुढं जातात. आत थेंब एकत्र करणारा फिल्टर हवा, आणि तो चोंदला तर दाब सोडणारी झडपही हवी. जर्मनीच्या मान अँड हुमेलचा प्रोव्हेंट अशा रचनेचा आहे. फिल्टर चोंदला आणि झडप नसली, तर चेंबरमधला दाब वाढतो, टर्बोचं तेल परत उतरत नाही आणि डिझेल गाडीत ते थेट जळायला जातं. म्हणजे जो कॅन इंजिन वाचवायला आणला तोच त्याला मारतो.

साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला आणि वॉरंटीतल्या नव्या गाडीला माझं उत्तर स्पष्ट 'नको' आहे. कंपनीनं टॅपेट कव्हरमध्ये तेल वेगळं करणारी रचना आधीच दिलेली असते, आणि वॉरंटीत बाहेरचा पाइप दिसला की तक्रारीच्या वेळी वाद होतो. त्या पैशात योग्य ग्रेडचं तेल वेळेआधी बदला.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. काही जण ब्रीदर पाइप काढून, छोटा फिल्टर लावून वायू सरळ बॉनेटखाली सोडतात. पीयूसीचं यंत्र सायलेन्सरला लागतं, त्यामुळे त्यात हे पकडलं जात नाही. पण चेंबरमधला वायू हवेत सोडायला आपल्या उत्सर्जनाच्या नियमांत परवानगी नाही, आणि तो एसीच्या वाटेनं आत येऊन तुमच्याच मुलांच्या नाकात जातो.

कॅन लावलाच तर पावसाळ्यात दर हजार किलोमीटरला रिकामा करा, इतर दिवसांत थोडं उशिरा चालेल. किती निघालं ते किलोमीटरसह वहीत लिहा. पाण्याचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलेल, पण तेल दर वेळी वाढत गेलं तर रिंगा झिजल्या असण्याची शक्यता आहे. मग कॉम्प्रेशन तपासून घ्या. निघालेलं पाणी-तेल ओढ्याकाठी ओतू नका, आपले ओढे मुळा नदीलाच मिळतात. झाकणाच्या डब्यात साठवा आणि सर्व्हिसिंगच्या वेळी गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात टाका. ते पिंप पुनर्प्रक्रियेचा परवाना असलेल्याकडे जातं ना, एवढं मेस्त्रीला विचारून घ्या.