गणिताच्या पदवीचा जमाखर्च

बारावीचा निकाल लागला, कीं नौपाड्यांतील पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत एक जुना वाद नव्यानें सुरू होतो. मुलगी म्हणते, "बाबा, मला गणित घेऊन बी.एस्सी. व्हायचें आहे." वडील विचारतात, "होऊन पुढें काय करशील?" आई स्वयंपाकघरांतून म्हणते, "शिक्षिका होईल, दुसरें काय?" मुलीला आवड दिसते, वडिलांना खर्च दिसतो आणि आईला एकच दार दिसतें. तिघांचेंही म्हणणें खरें आहे. मात्र प्रत्येकाचें अपुरें आहे.

प्रथम खर्चाचें पान उलगडावें. अनुदानित महाविद्यालयांतील गणिताच्या पदवीची फी अभियांत्रिकी किंवा वैद्यकीच्या मानानें फारच थोडी. महागडीं उपकरणें नकोत; कागद, पेन्सिल आणि चार चांगलीं पुस्तकें पुरतात. ठाण्याच्या मुलीवर वसतिगृहाचाही भार नाहीं. १९३५ सालीं स्थापन झालेल्या विद्या प्रसारक मंडळाचें बांदोडकर विज्ञान महाविद्यालय १९७६ पासून गांवांतच आहे, आणि १८५३ सालीं सुरू झालेल्या आगगाडीनें मुंबईचीं महाविद्यालयेंही नौपाड्याच्या जवळ आणून ठेवलीं आहेत. परंतु खरा खर्च फीच्या पावतीवर लिहिलेला नसतो. तो वर्षांत मोजावा लागतो. पदवीला तीन वर्षें, त्यापुढें एम.एस्सी. किंवा बी.एड. म्हणजे आणखी दोन. शेजारची मुलगी चार वर्षांत अभियंता होऊन पगार घरीं आणूं लागली, तरी ही अजून परीक्षेचे अर्जच भरीत असते. हा न मिळालेला पगारही खर्चाच्याच बाजूला मांडला पाहिजे.

आतां जमेची बाजू. ती पाहतांना ठाण्यांत शिकलेल्याच एका विद्यार्थ्याचें चरित्र आठवावें. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ सालीं डहाणूस जन्मले. त्यांचें माध्यमिक शिक्षण ठाण्यांत झालें. फर्ग्युसन महाविद्यालयांत असतां १९२७ सालीं रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक त्यांनीं मिळविलें, आणि १९२९ सालीं ते बी.एस्सी. झाले. पुढची पदवी त्यांनीं घेतली नाहीं. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते. याच मास्तरांनीं ६१७४ या संख्येचें गुपित शोधिलें. चार अंकांची कोणतीही संख्या घ्यावी; सारे अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमानें लिहून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृति पुनः करावी. ३५२४ घेतल्यास ३०८७, मग ८३५२, आणि तिसऱ्या वेळीं ६१७४. फार तर सात वेळां वजाबाकी करतांच प्रत्येक संख्या येथें येऊन थांबते. १९४९ सालीं मद्रास येथील परिषदेंत त्यांनीं हें मांडलें. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं अमेरिकेंतील एका प्रसिद्ध विज्ञान-मासिकांत त्यावर लिहिलें, तेव्हां जगानें त्यांची दखल घेतली. परंतु कीर्ति दूरदेशीं पोचली तरी निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयांत त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. वडिलांची काळजी येथें खोटी ठरत नाहीं. पण मुलीची आवडही खोटी ठरत नाहीं.

आईचें म्हणणें मात्र आज बदलावयास हवें. शाळेचें दार अजून उघडें आहे. पण आतां तें एकच नाहीं. विमा कंपन्यांना ॲक्चुअरी लागतात. त्यांच्या परीक्षा भारतीय ॲक्चुअरी संस्था घेते, त्या नोकरी करीत देतां येतात. मात्र वाट लांबलचक असते. बँका आणि संगणकाच्या कंपन्या संख्याशास्त्र जाणणाऱ्याला घेतात, पण त्याला संगणकाची प्रोग्रॅमिंगही यावी लागते. संशोधनाची ओढ असल्यास आय.आय.टी.ची एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा आहे, आणि १९४५ सालीं स्थापन झालेली टाटा मूलभूत संशोधन संस्था मुंबईंतच आहे. महाविद्यालयांत शिकवावयाचें, तर एम.एस्सी.नंतर नेट किंवा सेट. दारें अनेक आहेत, परंतु प्रत्येकाची किल्ली निराळी आहे. नुसती पदवी म्हणजे भिजवलेली कणीक. पोळी व्हावयाची तर तवा वेगळा तापवावा लागतो.

म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीं घरांत दोन गोष्टी व्हाव्या. पहिली मुलीची. बारावीचें गणित बहुतांशीं उदाहरणें सोडविण्याचें असतें. पदवीचें गणित सिद्धता देण्याचें असतें. सुटींत पदवीच्या पहिल्या वर्षाचें पुस्तक आणून तिनें वीस पानें स्वतः वाचावीं. एखाद्या सिद्धतेपाशीं अडूनही पुस्तक मिटावेंसें वाटलें नाहीं, तर तिची आवड खरी. केवळ गुणांचा मोह असेल, तर तो तेथेंच उतरेल.

दुसरी गोष्ट वडिलांची. कर्ज न काढतां हें घर किती वर्षें थांबूं शकेल, तो आंकडा त्यांनीं मुलीला मोकळेपणानें सांगावा. तीन म्हटलीं, तर दुसऱ्याच वर्षापासून तिनें प्रोग्रॅमिंग किंवा ॲक्चुअरीच्या परीक्षा हातीं घ्याव्या. पांच म्हटलीं, तर एम.एस्सी.चा विचार करावा. हा आंकडा न सांगतां दिलेली परवानगी पुढें दोघांनाही जड जाते.

असें झालें म्हणजे "पुढें काय करशील?" या प्रश्नाचा रोख बदलतो. तो नकार राहत नाहीं. मुलीनें कागदपेन्सिल घेऊन वडिलांच्या शेजारीं बसून सोडवावयाचें तें पहिलें उदाहरण होतें.