सिलिकॉनच्या आड दडणारा कर्करोग



दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये स्तनांचा आकार वाढविण्यासाठी द्रवरूप सिलिकॉन टोचले जाऊ लागले; १९६०च्या दशकात हे लोण अमेरिकेतील लास व्हेगासपर्यंत पोहोचले. १९६२ मध्ये ह्यूस्टन येथे प्रथम बसविलेल्या सिलिकॉन रोपणाला निदान आवरण तरी होते. टोचलेले सिलिकॉन मात्र ऊतींत मोकळे पसरते व त्याभोवती कठीण गाठी बनतात.

त्यामुळे कर्करोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. धोका निराळाच आहे: ते कर्करोगाला झाकते. हाताला साऱ्याच गाठी सारख्या लागतात, मॅमोग्राफीत दाट छाया पडतात, सोनोग्राफीत तर हिमवादळ उठल्यासारखे दिसते. अशा वेळी शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन केलेली एमआरआय तपासणी उपयोगी पडते. परंतु मुळात इंजेक्शनची गोष्टच संकोचापोटी सांगितली जात नाही, आणि विचारणारेही थोडेच!

स्तन काढावा लागल्यास पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतींपासून तो पुन्हा घडविता येतो. सिलिकॉन त्वचेतही उतरले असेल, तर तीही काढावी लागते आणि तितकी त्वचा दुसरीकडून आणावी लागते. म्हणूनच कर्करोगतज्ज्ञ व प्लास्टिक सर्जन यांनी पहिला छेद घेण्यापूर्वी, रुग्णेला सोबत घेऊन, एकत्र बसावयास हवे.